लेख इकडे, दुकान तिकडे

प्रकाशनसंस्थेच्या संकेतस्थळावरचं एखाद्या पुस्तकाचं पान उघडून पाहा. मुखपृष्ठ, चार परिच्छेदांचा परिचय, लेखिकेची माहिती, प्रस्तावनेतला उतारा, जुन्या परीक्षणांतली मतं. बाजूच्या चौकटीत किंमत, सवलत, 'उपलब्ध' हा शब्द आणि खरेदीचं बटण. वाचकाला हे एकच पान दिसतं, पण त्यावर दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. परिचय एकदा लिहिला की वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि त्यात शुद्धलेखनाची चूक सापडली तर ती उद्या सुधारली तरी कुणाचं फारसं बिघडत नाही. 'उपलब्ध' हा शब्द मात्र बटण दाबलं जातं त्या क्षणी खरा असावा लागतो. तो खोटा निघाला तर कुणाचे तरी पैसे अडकतात.

लेख लिहिणं, तपासणं, प्रसिद्ध करणं, एकमेकांशी जोडणं हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला सीएमएस म्हणतात. किंमत, साठा, कार्ट, कर, पेमेंट, पाठवणी आणि परतावा सांभाळणारा तो ई-कॉमर्स प्लॅटफॉर्म. ही दोन्ही कामं एकाच सॉफ्टवेअरकडे सोपवायची, की लेख एकीकडे आणि दुकान दुसरीकडे ठेवून मध्ये सांधा जुळवायचा? हा प्रश्न प्रकाशकांना, दिवाळी अंकवाल्यांना, पैठणी किंवा हापूस विकणाऱ्यांना कधी ना कधी पडतोच. बहुतेक वेळा त्याचं उत्तर संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या सवयीवरून ठरतं. तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. या निर्णयाचे परिणाम पुढची अनेक वर्षं निस्तरावे लागतात, आणि तो समजून घ्यायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही.

या दोन्ही जातींचे दोन प्रसिद्ध नमुने साधारण एकाच काळात जन्मले. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आणली, ती ब्लॉग लिहिण्यासाठी. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या ओटावा शहरात टोबियास ल्युटके या जर्मन तरुणाने मित्रांबरोबर स्नोबोर्ड विकायचं ऑनलाइन दुकान काढलं. त्याचं नाव 'स्नोडेव्हिल'. बाजारात मिळणारं दुकानाचं सॉफ्टवेअर पसंत पडेना म्हणून त्याने तेव्हा नव्याने आलेल्या रुबी ऑन रेल्स या प्रोग्रामिंगच्या चौकटीत स्वतःचं लिहिलं. स्नोबोर्ड मागे पडले, सॉफ्टवेअर उरलं, आणि २००६ मध्ये ते शॉपिफाय या नावाने इतरांसाठी खुलं झालं. एकाचा जन्म लिहिण्याच्या गरजेतून झाला, दुसऱ्याचा विकण्याच्या. त्या जन्मखुणा आजही दिसतात. वर्डप्रेसच्या मुळाशी 'पोस्ट' आहे: शीर्षक, मजकूर, लेखक, तारीख. शॉपिफायच्या मुळाशी उत्पादन आणि ऑर्डर आहे.

पुढे प्रत्येकाने दुसऱ्याचं काम शिकायचा प्रयत्न केला. वर्डप्रेसच्या बाजूने सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे वूकॉमर्स. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनच्या वूथीम्स कंपनीने जिगोशॉप नावाच्या आधीच्या प्लगइनचा, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या पूरक सॉफ्टवेअरचा, कोड घेऊन २०११ मध्ये ते बनवलं. २०१५ मध्ये मुलेनवेग यांच्या ऑटोमॅटिक कंपनीने ते विकत घेतलं. त्यातली युक्ती साधी होती. वर्डप्रेसला पोस्ट सांभाळता येते ना, मग उत्पादन हीसुद्धा एका प्रकारची पोस्ट समजायची. आणि ऑर्डरही. म्हणजे संपादकाने लिहिलेला लेख आणि नाशिकच्या ग्राहकाने मागवलेल्या तीन पुस्तकांची ऑर्डर डेटाबेसच्या एकाच तक्त्यात खालीवर बसत. ग्राहकाचं नाव, पत्ता, पिनकोड, रक्कम अशी एकेक बारकाई जोडीच्या तक्त्यात वेगळ्या ओळीत जाई, त्यामुळे एका ऑर्डरमागे डझनावारी ओळी वाढत. ऑर्डरी शेकड्यांत असेपर्यंत हे खपून जातं. हजारांत गेल्या की साधा लेख उघडणाऱ्या वाचकालाही त्याची झळ लागू शकते, कारण दोघांचा डेटाबेस एकच. शेवटी वूकॉमर्सने ऑर्डरींसाठी स्वतंत्र तक्ते केले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांना ते आपोआप मिळू लागले. एकाच सॉफ्टवेअरच्या पोटातसुद्धा लेख आणि विक्री यांच्यामध्ये भिंत घालावी लागली, तीही बारा वर्षांच्या अनुभवानंतर. या सगळ्या इतिहासात मला याहून बोधक काही दिसत नाही.

दुसरी बाजू पाहिली तर शॉपिफायमध्ये ब्लॉगची सोय आहे, पानं करता येतात, स्वतःचे रकाने जोडायची सोयही अलीकडे वाढली आहे. पण प्रकाशनसंस्थेला लागतं ते नात्यांचं जाळं. एका पुस्तकाची अनुवादिका दुसऱ्या पुस्तकाची लेखिका असते. एक लेख तीन पुस्तकांबद्दल असतो. पुरस्कार लेखकाला मिळालेला असतो की पुस्तकाला, हे वेगळं दाखवायचं असतं. मजकूर आधी मुद्रितशोधकाकडे, मग संपादकाकडे, मग प्रसिद्धीला असा प्रवास करत असतो. ड्रूपलसारखा सीएमएस अशा नात्यांसाठीच ओळखला जातो. बेल्जियमच्या ड्रीस बायटार्टने २००१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली, आणि आजही ज्या संस्थांकडे मजकुराचा डोंगर आणि त्याची गुंतागुंतीची मांडणी आहे त्या तिकडे वळतात. दुकानाच्या सॉफ्टवेअरला हे जाळं विणायला लावलं की सगळी माहिती शेवटी एका लांबलचक 'वर्णन' नावाच्या रकान्यात कोंबली जाते, आणि तिथून ती परत सुटी करणं महाकठीण होतं.

मोठ्या कंपन्यांनी तर दोन्ही बाजू विकत घेऊन पाहिल्या. अडोबीने २०१० मध्ये स्वित्झर्लंडची डे सॉफ्टवेअर ही सीएमएस बनवणारी कंपनी घेतली आणि २०१८ मध्ये १६८ कोटी डॉलरला मॅजेंटो हा ई-कॉमर्स प्लॅटफॉर्म घेतला. मालक एक झाला, पण उत्पादनं दोनच राहिली आणि त्यांना जोडण्यासाठी अडोबीला वेगळी सांधणी पुरवावी लागली.

तेव्हा वेगळं ठेवणं हा काही लहरी प्रकार नाही. प्रश्न उरतो तो सांध्याचा.

सगळ्यांत साधा सांधा म्हणजे नुसता दुवा. मुख्य डोमेनवर वर्डप्रेस, 'शॉप' नावाच्या सबडोमेनवर दुकान, आणि लेखाखाली 'विकत घ्या' असा दुवा. दोन्हीकडे रंग, अक्षर आणि वरची पट्टी सारखी ठेवली की वाचकाला उंबरठा जाणवत नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे लेखात बटण रोवणं. शॉपिफायच्या 'बाय बटण'सारख्या सोयीत दुकानाने दिलेल्या काही ओळी लेखात चिकटवायच्या; पान उघडलं की वाचकाचा ब्राउझर थेट दुकानाला विचारून किंमत आणि उपलब्धता आणतो. सीएमएसमध्ये किंमत कुठेच लिहिलेली नसते, त्यामुळे ती शिळी होण्याचा प्रश्नच येत नाही. तीस-चाळीस पुस्तकं असलेल्या प्रकाशकाला मी डोळे झाकून हेच सुचवेन.

तिसरा प्रकार एपीआयचा. इथे सीएमएस स्वतः दुकानाशी बोलतो, पुस्तकांची यादी मागवतो, पान स्वतःच्या पद्धतीने रेखाटतो, कार्टही एपीआयमधूनच भरतो. दुकान मागे राहतं आणि फक्त शेवटच्या पायरीला पुढे येतं. शॉपिफायच्या स्टोअरफ्रंट एपीआयमध्ये कार्टबरोबर चेकआउटचा एक पत्ता मिळतो. ग्राहकाला तिकडे पाठवायचं, पैसे तिथेच घेतले जातात. सिडनीत २००९ मध्ये सुरू झालेल्या बिगकॉमर्सनेही २०१८ मध्ये वर्डप्रेससाठी याच विचाराचं प्लगइन काढलं: पुढे वर्डप्रेस, मागे बिगकॉमर्स. या प्रकारात पानावर पूर्ण ताबा मिळतो. लेखिकेच्या मुलाखतीच्या मधोमध तिचं पुस्तक, त्याखाली त्याच विषयावरचे जुने लेख, हे सगळं एका हाताने मांडता येतं.

यापुढे जाऊन सीएमएस आणि दुकान दोन्ही मागे ठेवायचे आणि समोरचा दर्शनी भाग तिसऱ्याच साधनाने लिहायचा, याला हेडलेस म्हणतात. बर्लिनचं कन्टेन्टफुल, पॅरिसचं स्ट्रापी हे अशा प्रकारचे सीएमएस. म्युनिकचं कॉमर्सटूल्स हे अशा प्रकारचं दुकान. २०२० मध्ये अशा कंपन्यांनी माक अलायन्स नावाची संघटनाही काढली. ज्यांना संकेतस्थळ, मोबाइल अॅप आणि दुकानातला पडदा या सगळ्यांना एकाच साठ्यातून माहिती पुरवायची आहे त्यांना याचा खरा उपयोग आहे. बाकीच्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. दर्शनी भाग लिहिणारा माणूस कायमचा पगारावर लागतो, आणि संपादकाला लेख प्रसिद्ध होण्याआधी तो पानावर कसा दिसेल हे पाहण्याची साधी सोयसुद्धा मुद्दाम बांधून घ्यावी लागते.

कोणताही सांधा घ्या, तो टिकतो की निखळतो हे एका नियमावर ठरतं: प्रत्येक माहितीचा धनी एकच. किंमत, साठा, वजन, कराचा प्रकार यांचा धनी दुकान. परिचय, उतारे, लेखकाची ओळख, छायाचित्रांच्या ओळी यांचा धनी सीएमएस. दुसऱ्या बाजूला ती माहिती दिसली तरी ती तिथे फक्त वाचायची, बदलायची नाही. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, की एखाद्या प्रदर्शनाच्या गडबडीत कुणीतरी लेखाच्या मजकुरातच लिहून टाकतं, 'मूल्य ३५० रुपये, सवलतीत २८० रुपये'. प्रदर्शन संपतं, दुकानात किंमत पूर्ववत होते, लेखातलं वाक्य तसंच राहतं. सहा महिन्यांनी एक वाचक त्या वाक्याचा फोटो पाठवून विचारतो की मला जास्त पैसे का लावले. त्याचं म्हणणं बरोबर असतं. म्हणून सीएमएसमध्ये किंमत हाताने लिहायला मनाई, हा नियम पहिल्या दिवशी सांगून टाकावा आणि लेखात किंमत हवीच असेल तर ती दुकानातून ओढून आणणारी खूण वापरावी.

दोन्ही बाजूंना एकमेकांची वस्तू ओळखता यावी म्हणून एक सामाईक क्रमांक लागतो. पुस्तकाच्या धंद्यात तो आयता आहे. २००७ पासून आयएसबीएन १३ अंकी झाला, आणि त्यात शेवटचा अंक पडताळणीचा असतो, म्हणजे टंकताना एखादा अंक चुकला तर संगणक ते ओळखतो. पण प्रत्येक वस्तूला आयएसबीएन नसतो. दिवाळी अंक हा नियतकालिक प्रकार; पाच पुस्तकांचा संच ही दुकानाने केलेली जुळणी; लेखिकेची सही असलेली प्रत ही त्याच पुस्तकाची वेगळी विक्रीवस्तू. यांना स्वतःचा एसकेयू, म्हणजे दुकानाचा वस्तुक्रमांक, द्यावाच लागतो. शीर्षकावरून वस्तू जुळवायचा मोह कुणालाही होऊ नये. शीर्षकं बदलतात, आवृत्त्या बदलतात, एकाच नावाची दोन पुस्तकंही असतात.

दुकानात काही बदललं की सीएमएसला ते कळणार कसं? त्यासाठी वेबहूक असतात. साठा बदलला, किंमत बदलली, पुस्तक मागे घेतलं की दुकान सीएमएसने दिलेल्या पत्त्यावर एक छोटा निरोप पाठवतं. या निरोपांबद्दल तीन गोष्टी माहीत नसल्या की सांधा हमखास बिघडतो. तोच निरोप दोनदा येऊ शकतो. आधीचा निरोप नंतर पोचू शकतो. आणि निरोप दुकानाच्याच नावाने दुसऱ्याच कुणी पाठवलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक निरोपाबरोबर येणारी गुप्त किल्लीची सही तपासायची, क्रमांक नोंदवून ठेवायचा म्हणजे दुसऱ्यांदा आला तर सोडून देता येतो, आणि 'साठ्यातून एक वजा कर' असं न वागता 'आता साठा किती' हे दुकानाला पुन्हा विचारायचं. शॉपिफाय पोचपावतीसाठी ५ सेकंद थांबतं; तेवढ्यात उत्तर गेलं नाही तर निरोप पोचला नाही असं धरून पुन्हा पाठवतं. त्यामुळे आधी 'मिळाला' म्हणायचं आणि काम मागाहून करायचं. एवढं करूनही काही निरोप गहाळ होतातच. रोज रात्री दोन्हीकडच्या याद्या शेजारी ठेवून ताळा करणारं एक छोटं काम लावलं की सकाळपर्यंत फरक मिटलेले असतात. संकेतस्थळ करून देणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा: रात्रीचा ताळा कोण करतं?

ताळा केला तरी मधल्या काळात पानावरची माहिती थोडी शिळी असणारच, आणि ते चालतं. संपत आलेल्या आवृत्तीची शेवटची प्रत एकाच मिनिटात पुण्याच्या आणि न्यू जर्सीच्या वाचकाने कार्टमध्ये टाकली, तर दोघांनाही ती 'उपलब्ध' दिसेल. निवाडा पैसे घेताना व्हायला हवा, आणि तो दुकानाच्या डेटाबेसनेच करायला हवा: एकाला प्रत, दुसऱ्याला पैसे कापले जाण्याआधीच नकार. सीएमएसने हा निवाडा करायचा प्रयत्नसुद्धा करू नये. पानावर 'फक्त ३ प्रती शिल्लक' असं लिहायचा आग्रह असेल तर तो आकडाही ब्राउझरने थेट दुकानातून आणावा.

शिळेपणाचा हाच गुण दुसरीकडे फार कामी येतो. लेखाचं पान एकदा तयार करून त्याची प्रत सर्व्हरवर ठेवली, की दहा हजार वाचकांना तीच प्रत देता येते. यालाच कॅशिंग म्हणतात. कार्टचं आणि खात्याचं पान मात्र प्रत्येकाचं वेगळं, त्याची प्रत ठेवायचीच नसते. दोन्ही प्रकारची पानं एकाच ठिकाणाहून निघत असली की एखादा नियम चुकतो आणि एकाचं पान दुसऱ्याला जातं. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या खेळांच्या दुकानात २५ डिसेंबर २०१५ ला नेमकं असं झालं. सर्व्हरवर हल्ला चालू असताना घाईने बदललेल्या कॅशिंगच्या नियमांमुळे लोकांना दुसऱ्यांच्या खात्यांची पानं दिसली. कंपनीच्या सांगण्यानुसार सुमारे ३४ हजार ग्राहकांची माहिती अशी उघडी पडली होती. लेख आणि दुकान वेगळ्या सर्व्हरवर असले की लेखांच्या बाजूला बिनधास्त कॅशिंग करता येतं, कारण तिथे कुणाचं खासगी असं काही नसतंच.

आणि पैशांची पायरी. कार्डाची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकाला पीसीआय डीएसएस हे मानक लागू होतं. व्हिसा, मास्टरकार्ड आदी कार्ड कंपन्यांनी डिसेंबर २००४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आणली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवताच येत नाही, त्याऐवजी टोकन वापरावं लागतं. कार्ड कधीच आपल्या सर्व्हरवरून जात नसेल तर या मानकाचा बोजा कितीतरी हलका होतो. पण क्रमांक साठवला नाही म्हणजे धोका टळला असं नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या पेमेंटच्या पानावर एका जुन्या जावास्क्रिप्ट फाइलमध्ये कुणीतरी २२ ओळी घुसवल्या. ग्राहक टंकत असलेला कार्ड क्रमांक त्या ओळी गुपचूप दुसरीकडे पाठवत होत्या. चार लाखांहून अधिक लोकांची माहिती धोक्यात आली आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड केला.

सीएमएसच्या संदर्भात हे उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. वर्डप्रेसच्या एखाद्या जुन्या संकेतस्थळावर वीस-पंचवीस प्लगइन सहज असतात: छायाचित्रांची माळ, संपर्काचा अर्ज, वाचकसंख्येचा गणक. त्यांतलं एखादं वर्षानुवर्षं अद्ययावत केलेलं नसतं. पेमेंटचं पान त्याच संकेतस्थळावर असेल तर यातलं प्रत्येक प्लगइन ग्राहकाच्या कार्डाशेजारी बसलेलं असतं. पीसीआयच्या चौथ्या आवृत्तीने पेमेंटच्या पानावरची प्रत्येक स्क्रिप्ट कशासाठी आहे याची नोंद आणि तिच्यावर पहारा ठेवणं ३१ मार्च २०२५ पासून बंधनकारक केलं, ते अशाच अनुभवांतून. लेख आणि दुकान वेगळं करण्याची सगळी कारणं बाजूला ठेवली आणि एकच उरवायचं म्हटलं, तर मी हे उरवीन. चेकआउट दुकानाच्या पानावर, त्या पानावर सीएमएसची एकही स्क्रिप्ट नाही.

वेगळेपणाची किंमतही चुकवावी लागते. लेख एका डोमेनवर आणि दुकान पूर्णपणे दुसऱ्याच डोमेनवर असेल तर कार्टची आठवण ठेवणारी कुकी ब्राउझरला परकी वाटते. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून परक्या डोमेनच्या सगळ्या कुकी अडवायला सुरुवात केली. परिणाम असा, की लेखाच्या पानावर रोवलेल्या दुकानाने कार्टमध्ये टाकलेलं पुस्तक पुढच्या पानावर गायब होऊ शकतं. दुकान आपल्याच सबडोमेनवर ठेवलं की ही अडचण बरीचशी सुटते. दुसरी किंमत शोधयंत्रांची. पुस्तकाचा परिचय सीएमएसमध्येही आणि दुकानातही असला तर गुगलला एकाच मजकुराची दोन पानं दिसतात. २००९ पासून सर्व मोठी शोधयंत्रं 'कॅनॉनिकल' ही खूण मानतात. तिने मूळ पान कोणतं ते सांगता येतं. तरी दुकानात दोन ओळींचं वर्णन आणि सविस्तर परिचय सीएमएसमध्ये, ही वाटणी अधिक चांगली.

मराठी संकेतस्थळांना या सांध्यात एक जास्तीची अडचण येते, आणि तिच्याबद्दल परदेशी माहितीपुस्तिकांत काही सापडत नाही. 'वाऱ्यावर' हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसरीत साधा र, हलन्त, एक अदृश्य सांधणारं चिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणातही ते एक होत नाहीत. 'ॲ'चंही तेच. हे स्वतंत्र अक्षर २००८ मधल्या युनिकोड ५.१ मध्ये आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत आणि काही कीबोर्डवर अजूनही तसंच होतं. संपादकाने एका तऱ्हेने शीर्षक सीएमएसमध्ये भरलं, गोदामातल्या माणसाने दुसऱ्या तऱ्हेने दुकानात भरलं, की शोधचौकटीत पुस्तक एकीकडे सापडतं आणि दुसरीकडे नाही. शिवाय बरेच वाचक मराठी नाव रोमन अक्षरांत टंकतात, तेही प्रत्येकजण आपापल्या स्पेलिंगने. उपाय एवढाच, की शोध एकाच बाजूला ठेवावा, शक्यतो सीएमएसकडे. तिथे माहिती साठवताना आणि शोधतानाही दोन्ही तऱ्हा एका रूपात आणणारी गाळणी लावावी. रोमन रूपांसाठी वेगळा रकाना ठेवावा. आणि दुकानाला फक्त आयएसबीएनने विचारावं.

पानाच्या पत्त्याचीही अशीच गोष्ट. देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा साठवायला ३ बाइट लागतात, आणि वेबपत्त्यात प्रत्येक बाइटची टक्केखुणेसह ३ चिन्हं होतात. म्हणजे एका चिन्हामागे ९. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागासाठी २०० चिन्हांची जागा ठेवतो, म्हणजे साधारण २२ देवनागरी अक्षरं-मात्रा. लांब मराठी शीर्षकाचा पत्ता मधेच तुटतो तो यामुळे. पत्त्यात आयएसबीएन किंवा छोटं रोमन नाव वापरणं दोन्ही बाजूंना सोयीचं पडतं.

कराचं काम तर निःसंकोच दुकानाकडे द्यावं. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे, आणि त्याच दुकानातल्या कापडी पिशवीवर किंवा चहाच्या मगावर वेगळ्या दराने आहे. महाराष्ट्रातल्या संस्थेने महाराष्ट्रातच चहाचा मग पाठवला तर केंद्राचा आणि राज्याचा कर वेगवेगळा, गोव्याला पाठवला तर आयजीएसटी. दर बदलतात, बीजकाचे नियम बदलतात. लेख लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरला यात ओढण्यात काहीच शहाणपण नाही.

मग कुणी काय करावं? ज्याच्याकडे पाच-दहा वस्तू आणि थोडा मजकूर आहे त्याने एकाच ठिकाणी राहावं. हंगामात आंबे विकणाऱ्या बागायतदाराला शॉपिफायचा ब्लॉग पुरतो. लेखांवर जगणाऱ्या आणि वर्षाला एकच अंक विकणाऱ्या नियतकालिकाला वूकॉमर्स पुरतं, फक्त पैसे पेमेंट गेटवेच्या स्वतःच्या पानावर घ्यावेत. ज्यांच्याकडे मजकूरही मोठा आणि विक्रीही रोजची, त्यांनी वेगळं करावं, आणि बाय बटणापासून सुरुवात करून गरज पटेल तसं एपीआयकडे जावं. खर्चाचा अंदाज करताना दोन वर्गण्यांची बेरीज करून थांबू नये. दोन्ही बाजूंची सॉफ्टवेअर आपापल्या वेळापत्रकाने बदलत राहतात. शॉपिफाय तर दर तीन महिन्यांनी एपीआयची नवी आवृत्ती काढतं आणि जुन्या ठरावीक काळाने बंद करतं. सांध्याची वर्षभराची देखभाल हा खर्चाचा तिसरा आणि बहुधा विसरला जाणारा भाग.

वेगळेपणाचा एक फायदा मात्र सोडून जायच्या दिवशीच कळतो. दुकानाचं सॉफ्टवेअर महागलं किंवा बंद पडलं तर लेख, लेखकांची पानं आणि त्यांचे पत्ते जागचे हलत नाहीत. मागचं दुकान तेवढं बदलायचं. हा फायदा खरोखर मिळवायचा असेल तर पुस्तकाच्या मलपृष्ठावर क्यूआर कोड छापताना काळजी घ्यावी. छापलेला कोड परत बदलता येत नाही आणि पुस्तक कपाटात तीस वर्षं राहतं. त्या कोडात दुकानाच्या प्लॅटफॉर्मचा पत्ता घालू नये. आपल्या स्वतःच्या डोमेनवरचा, आयएसबीएनने संपणारा छोटा पत्ता घालावा, आणि तिथे आलेल्या वाचकाला आज कोणत्या दुकानाकडे न्यायचं हे सीएमएसमध्ये ठरवावं.